पाडलेल्या फाटकाची उंची

माझ्या खोलीत येणारी मुलं एकच शब्द तोंडात घेऊन येतात. मंजूर. कुणी तो लाजत पुटपुटतं, कुणी वकिलासारखं ठासून मांडतं, एखादं तर आईला बरोबर आणून तिच्याकडून वदवून घेतं. दुसऱ्या कॉलेजात वर्ष-दोन वर्षं काढून आमच्या विद्यापीठात मध्येच दाखल होणाऱ्या मुलांनी तिकडे जे विषय पार पाडले, ते इकडच्या कुठल्या विषयाच्या बरोबरीचे धरायचे आणि त्यांचे श्रेयांक पदरात घालायचे की नाही, हे ठरवायचं काम बांधकाम विभागापुरतं माझ्या गळ्यात आहे. गळ्यात कसं पडलं ते आता आठवत नाही. बहुधा एखाद्या बैठकीला मी वेळेवर गेले असेन. त्यामुळे त्या दुपारी एक मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझा सर्वेक्षणाचा विषय नामंजूर कराल का?" तेव्हा मी चष्मा काढला. चष्मा काढला की नीट ऐकू येतं अशी माझी समजूत आहे. मी म्हटलं, "मंजूर म्हणायचंय ना तुला?" "नाही, नामंजूरच. तुम्ही मंजूर केलात तर मला तो इथे परत घेता येणार नाही. ऑफिसात विचारूनच आले मी." ते खरं होतं. एकदा विषय बरोबरीचा धरला की तो झाला, आणि झालेला विषय पुन्हा करता येत नाही, असा आमचा नियम. "नापास आहेस का?" "पहिली श्रेणी आहे," ती म्हणाली, आणि हे तिने अशा सुरात सांगितलं, जसं घरातलं आजारपण सांगावं. "वर्ष जाईल तुझं. पुढचा विषय वर्षातून एकदाच असतो." "जाऊ दे." मी तिला फाईल आली की बघते म्हणून वाटेला लावलं. माणसं गोंधळली की नियमाआड लपतात. मी फाइलीआड लपते, ती जरा जाड असते.

फाईल दुसऱ्या दिवशीच आली आणि मी ती सवयीने उजवीकडे त्यांचा अभ्यासक्रम, डावीकडे आपला, अशी उघडून ठेवली. हे काम म्हणजे दोन बहिणींचे फोटो शेजारी ठेवून नाक कुणावर गेलंय ते बघण्यासारखं आहे. बोट एका कागदावर, नजर दुसऱ्या कागदावर. साखळीने अंतर मोजणे, आहे. पातळी मोजणे, आहे. फेरी पूर्ण करून चूक काढणे, आहे. बोट भराभर खाली येत होतं आणि अचानक थांबलं. "विद्यार्थ्याने उपकरणाला छत्रीची सावली द्यावी व स्वतः उन्हात उभे राहावे." असलं वाक्य कुठल्याही अभ्यासक्रमात नसतं. अभ्यासक्रमात उन्हाला जागा नसते. कॉलेजांची नावं मी वाचत नाही, जुळणीत ओळख नको म्हणून; पण हे वाक्य मी लिहिलं होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, त्या लहानशा कॉलेजात, जिथे विभाग म्हणजे मी, एक कपाट आणि कपाटातलं एक पितळी यंत्र, एवढाच पसारा होता. प्राचार्य म्हणाले होते, "अभ्यासक्रम नाहीये आपल्याकडे, तुम्हीच लिहून टाका," दुधाचा हिशोब लिहून टाका म्हणावं तसं. मी आठवडाभर खपून लिहिला. पुढे इकडे आले तेव्हा तोच इकडच्या साच्यात बसवून मांडला. समितीने ते छत्रीचं वाक्य तेवढं काढलं, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं. म्हणजे माझ्यापुढे दोन कागद होते आणि दोन्ही मीच. त्यांची तुलना करून ते समान आहेत की नाहीत, ते मी ठरवायचं होतं. मी फाईल मिटली आणि उगाचच खिडकीचा पडदा ओढला.

ते यंत्र, लेव्हल म्हणतात त्याला, तसं सोपं असतं. तीन पायांवर बसवायचं, खालचे स्क्रू फिरवत काचेतला बुडबुडा बरोबर मध्ये आणायचा, आणि दुर्बिणीतून समोर धरलेल्या उंच पट्टीवरचा आकडा वाचायचा. पट्टी इथे धरली तर एक आकडा, तिथे धरली तर दुसरा. दोन्हींतला फरक म्हणजे इथल्यापेक्षा तिथली जमीन किती वर किंवा खाली. असं करत करत मैदानभर फिरायचं आणि जिथून निघालो तिथेच परत यायचं. परत आल्यावर हिशोब शून्य यायला हवा, आणि तो कधीच येत नाही. थोडी चूक राहतेच. हात हलतो, वारा असतो, ऊन असतं. जुन्या पितळी यंत्रात तर सगळं उलटं दिसायचं, आकडे खाली डोकं वर पाय, पट्टी धरून उभा राहिलेला मुलगाही उलटा. पहिल्या तुकडीतला एक लांबलचक मुलगा ती पट्टी धरायचा. त्याला आम्ही खांब म्हणायचो, कारण तो हलायचाच नाही. बाकीची मुलं पाणी प्यायला पळायची आणि हा टळटळीत उन्हात पट्टी सरळ धरून उभा, नाकाच्या शेंड्यावर घाम. दुर्बिणीतून मी त्याला इतक्या वेळा उलटा पाहिलाय की रस्त्यात सुलटा भेटला तर ओळखायला क्षण लागायचा. आम्ही त्या वर्षी कॉलेजच्या व्हरांड्यापासून फाटकाच्या पायरीपर्यंत आणि परत अशी फेरी घेतली होती. ती इतकी छान जुळली की मला विश्वास बसेना. मी पुन्हा घ्यायला लावली, पुन्हा जुळली. मी मुलांना थंड सरबत पाजलं. इतकं निर्भेळ समाधान मला त्यानंतर कुठल्याही बढतीने दिलेलं नाही, आणि ते मला पडदा ओढलेल्या खोलीत बसून आठवत होतं, तेवढ्यात तराजू आत आले.

तराजू म्हणजे नोंदणी कार्यालयातले मुख्य कारकून. त्यांना कॉलेज, विषय आणि माणसं एकाच नजरेत तोलता येतात, म्हणून हे नाव. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही. फाईल चाळून ते म्हणाले, "मॅडम, यात बघायचं काय आहे? काना-मात्रा जुळतोय. एवढं जुळलेलं मी आयुष्यात बघितलं नाही." मी म्हटलं, "मला शंका आहे." "कागदावर कुठे आहे ती दाखवा, आत्ता परत पाठवतो." "कागदावर नाहीये." "मग ती तुमची शंका झाली, विद्यापीठाची नाही." ते खुर्चीच्या कडेवर टेकले, म्हणजे लांबलचक बोलणार होते. "असं बघा, तुम्ही हिला नामंजूर म्हणालात की ते तक्त्यात चढलं. तक्त्यात चढलं की त्या कॉलेजातून येणाऱ्या सगळ्यांना तेच. यंदाच तिकडची आणखी पोरं आहेत, हिची खोलीतली मैत्रीणच आहे. त्या मैत्रिणीला एक वर्ष जास्त झेपणार नाही, ती परवा माझ्यासमोर रडून गेली. एकेकाला वेगळा न्याय लावायचा तर आपल्याला देव व्हावं लागेल, आणि ती जागा रिकामी नाही." मी विचारलं, "आणि मुलीला त्या विषयातलं काही येत नसेल तर?" तराजूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आपण ज्ञान तपासत नाही मॅडम, जुळणी तपासतो." हा नियम मीच एका बैठकीत मांडला होता, जरा बऱ्या भाषेत, आणि तो चांगला नियम आहे. त्याच्या आधी नुसती ओळखीपाळखीची कामं चालायची. चांगल्या नियमाविरुद्ध बोलायला माणसाला तोंड कुठलं.

संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याला हे सांगितलं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर तो लोकांना "वर दिसतं की खाली" विचारत असतो, त्यामुळे घरी आल्यावर त्याचं एखाद्या प्रश्नाला उत्तर मिळणं अवघडच. पण त्या दिवशी तो हसायला लागला. "आज एक ट्रकवाला आला होता. परवान्यासाठी डोळे तपासून पाहिजेत म्हणाला. तक्त्याची शेवटची ओळ त्याने डोळे मिटून म्हणून दाखवली." "मग?" "मग मी तक्ता उलटा टांगला. तर म्हणतो कसा, साहेब, रस्त्यावरच्या पाट्या काय उलट्या असतात का?" मीही हसले. मग तो म्हणाला, "पण तुझं जुळतंय ना, मग सही कर आणि मोकळी हो." मोकळी हो हे त्याचं आवडतं औषध. मी ताटं उचलली आणि मनात म्हटलं, जुळतंय म्हणूनच तर अडलंय. कागद थोडा जरी कमीजास्त असता तर मी त्या मुलीला हवं तसं करून दिलं असतं. आणि त्याच्याही खाली कुठेतरी दुसरं काहीतरी टोचत होतं. मला नामंजूर म्हणवत नव्हतं, ते त्या मैत्रिणीसाठी, की तो अभ्यासक्रम माझा होता म्हणून? 

मुलीला मी बोलावून घेतलं आणि दार लावलं. ती खुर्चीत अंग चोरून बसली. मी म्हटलं, "खरं काय ते सांग. नामंजूर कशाला हवंय?" तिने आधी विद्यापीठाच्या दर्जाबद्दल काहीतरी पाठ केलेलं म्हटलं. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मग ती टेबलाच्या कडेकडे बघत बोलायला लागली. "सुट्टीत मी एका ठेकेदाराकडे काम केलं. एका घराचं सांडपाणी रस्त्याच्या गटारीत सोडायचं होतं. त्याने माझ्या हातात लेव्हल दिली, म्हणाला, तू इंजिनीअर होणार ना, उतार काढून दे. मला ती उभी करता येईना. माणसं बघत होती. मी डोळा लावला, काहीतरी दिसल्यासारखं केलं आणि आकडे सांगितले." "कुठून?" "मनानेच. तसेच असतात ना साधारण, आम्ही लिहायचो ते." ती थांबली. "पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा ते उलटं आलं. त्यांच्या स्वयंपाकघरात. म्हाताऱ्या बाई होत्या, त्या पाण्यात उभ्या राहून मलाच म्हणाल्या, तुझा दोष नाही बाळा, गवंड्याने घाण केली. गवंड्याला काढून टाकलं. मी काही बोलले नाही." मला तिला काहीतरी धीराचं सांगायचं होतं, पण तोंडून तपासनिसाचाच प्रश्न निघाला. "कॉलेजात यंत्र उभं केलं नव्हतंस का कधी?" "आमच्याकडे नाहीच ते. कपाट आहे. यंत्र दुरुस्तीला गेलं ते आलं नाही, आमच्या वेळच्या फार आधीचं आहे हे. सरांनी मागितलं खूपदा, नवीन मिळालं नाही." "मग प्रात्यक्षिक?" "सर आकडे सांगतात, आम्ही लिहून घेतो, हिशोब करतो. हिशोब मात्र मला पक्का येतो. व्हरांडा ते फाटकाची पायरी."

 "फाटक," मी म्हटलं. "फाटक तर पाडलंय हो केव्हाच," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच थोडी हसली. "रस्ता रुंद केला ना. आम्ही कुणी ते बघितलंच नाही. पण आकडे आहेत. सर बदलू देत नाहीत. म्हणतात, हे आमच्या बाईंनी स्वतः घेतलेले आकडे आहेत, यात चूक निघायची नाही." सर कसे आहेत, असं मी विचारलं, मला उत्तर माहीत होतं. "उंच आहेत," ती म्हणाली, "खूप चांगले आहेत. कधी रागावत नाहीत. त्या बाईंबद्दल बोलायला लागले की तास संपतो." मला लाज वाटली, आणि त्याच्याही आधी, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. छाती भरून आली आणि भरतानाच खाली बसली. कुणी आळशीपणा केला असता तर मला रागावता आलं असतं. कुणी माझा विषय टाकून दिला असता तर मी दुःख करत बसले असते. पण ज्या खांबाने पट्टी कधी हलू दिली नाही त्याने आकडेही हलू दिले नव्हते. मी सरबत पाजलेल्या त्या एका दुपारचे आकडे तो वर्षानुवर्षं नव्या नव्या मुलांना देत राहिला होता, आणि त्यातली मुलं पहिली श्रेणी घेऊन बाहेर पडत होती, नाल्या बांधत होती, मोऱ्या बांधत होती. "ती बाई मी," मी म्हटलं.  मुलीने एकच विचारलं, "ते आकडे बरोबर होते का?" "त्या दिवशी बरोबर होते," मी म्हटलं, "त्या फाटकाला."

मग मी तिला तराजूंच्या तक्त्याचं सांगितलं. तिच्या एका नामंजुरीमागोमाग मैत्रीण आणि बाकीचे सगळे मागे पडतील, हे तिला ठाऊक नव्हतं. ती बराच वेळ बोटाने टेबलाची कड घासत बसली. ज्या मुलीने स्वतःचं वर्ष सहज सोडलं होतं, तिला दुसरीचं सोडणं जड जात होतं, आणि ते मला आवडलं. शेवटी ती म्हणाली, "मग मंजूर करा," आणि उठली. दारापर्यंत गेली. मी म्हटलं, "बस खाली, मी अजून काही लिहिलेलं नाही. सकाळी मोकळी असतेस का? वसतिगृहामागच्या मैदानावर ये. मैत्रिणीलाही आण. तुम्ही केलात तो विषय झाला असं मी लिहिणार असेन, तर तो आधी झालेला बरा." ती म्हणाली, "हे नियमात बसतं का?" "सकाळी मैदानावर जाणं कुठल्याच नियमाच्या आड येत नाही," मी म्हटलं. तराजूंना विचारलं असतं तर त्यांनी एखादा नियम नक्की काढला असता, म्हणून मी विचारलं नाही.

सांगायला हवं की यंत्र मीही कित्येक वर्षांत हातात धरलं नव्हतं. आमच्याकडे आता प्रात्यक्षिकं तरुण शिक्षक घेतात; मी फाइलींच्या खोलीत. भांडारातून आणलेली लेव्हल मी मोठ्या ऐटीत तीन पायांवर बसवली, स्क्रूला हात घातला आणि बुडबुडा पळाला. मी उजवीकडे फिरवलं, तो डावीकडे गेला. गवत ओलं होतं, एक पाय मातीत रुतत होता, बोटांना काही आठवत नव्हतं. दोघी मुली अदबीने दुसरीकडे बघत होत्या. मैत्रीण जांभई देत पट्टी धरून उभी. "मॅडम, तुम्हालाही वेळ लागतो?" मुलीने विचारलं, आणि त्यात कुचेष्टा नव्हती, दिलासा होता. "लागतो," मी म्हटलं. "पाय आधी घट्ट रोवायला हवे होते, ते विसरले." मग पाय रोवले, आणि बुडबुडा हळूहळू मध्ये आला. मुलीने डोळा लावला. पट्टी सापडेपर्यंत दुर्बीण इकडेतिकडे फिरवली. मग म्हणाली, "दिसतंय," इतक्या हळू की तिला स्वतःलाच सांगत असावी. पहिली फेरी हातभर चुकली. तिने पेन्सिल उचलून सहज विचारलं, "यातला कुठला आकडा बदलायचा?" तिच्या सरांचे आकडे नेहमी जुळलेलेच असायचे, न जुळणारा हिशोब तिने कधी पाहिलाच नव्हता. मी म्हटलं, "कुठलाच नाही. परत पहिल्यापासून." तिने अख्ख्या मैदानाकडे बघितलं. अशा बऱ्याच सकाळी गेल्या. मैत्रिणीच्या जांभया कमी झाल्या आणि आकड्यांवरून दोघींची भांडणं सुरू झाली, त्यावरून मी समजले की शिकतायत. एका सकाळी चूक नखाएवढी आली. मुलीने तीनदा बेरीज केली. "शून्य नाही आलं तरी चालतं?" "शून्य आलं असतं तर मी परत मोजायला लावलं असतं."

त्या दुपारी मी दोघींच्या फाइलींवर मंजूर लिहिलं. तराजू म्हणाले, "एवढंच करायचं होतं तर एवढे दिवस काय केलंत?" मी म्हटलं, "जुळणी तपासत होते." त्यांना पटलं. पण सही वाळली तरी मला मोकळं वाटेना. त्या दोघींपुरतं ते खरं झालं होतं. त्यांच्यामागून तेच आकडे घेऊन येणारी मुलं होती, आणि न येणारी त्याहून जास्त, त्यांच्या फाइली माझ्यापर्यंत कधी पोचणारच नव्हत्या. फोन करायला हवा होता. मी तो दोनदा उचलून ठेवला. ज्या माणसाने आपला शब्द जन्मभर डोक्यावर घेतला त्याला तो खाली ठेव म्हणायचं, आणि तेही त्याला लागू न देता, हे मला कुठल्याही बैठकीत शिकवलेलं नव्हतं. वाक्यं जुळवली, ती सगळी सरकारी वाटली. शेवटी न जुळवताच फोन लावला.

त्याने मला आवाजावरून ओळखलं. "बाई?" मागे वर्गाचा गलबला होता, तो एकदम थांबला, त्याने हात वर केला असावा. "तुमची आठवण रोज निघते इथे." "कळलं मला," मी म्हटलं. "तुझ्या दोन मुली आल्यात माझ्याकडे. चांगल्या आहेत." तो खूश झाला, ते ऐकू आलं, आणि म्हणून मला पुढचं आणखीच जड गेलं. "फाटक पाडलं म्हणे." "हो," तो म्हणाला, "रस्ता वाढवला तेव्हाच."  "आकडे मात्र..." असं तो म्हणाला आणि थांबला. मी त्याचं वाक्य पुरं केलं नाही. वर्गातही मी कधी करत नसे. "आमच्या भांडारात एक यंत्र पडून आहे," मी म्हटलं. "जुनं आहे पण बरं आहे. विभागाला विचारून ते तुमच्याकडे द्यायची व्यवस्था करते. मीच घेऊन येईन म्हणते, मुलांबरोबर एक फेरी घेऊ."  मला वाटलं, दुखावला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं, दार ओढून घेतल्याचा आवाज; तो बाहेर व्हरांड्यात आला असावा. खाली आणलेल्या आवाजात तो म्हणाला, "बाई, एक दिवस आधी याल का? मुलं जमायच्या आत मला एकदा ते लावून बघायला हवं." मी म्हटलं, दोन दिवस आधी येते.